परत न घेता येणारा शब्द

1992 साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या चिमुकल्या कंपनीनं ‘द प्रायमल ऑर्डर’ नावाचं पुस्तक काढलं. कंपनीचा संस्थापक पीटर अ‍ॅडकिसन तेव्हा बोइंगमध्ये नोकरी करत होता. पुस्तक म्हणजे काही स्वतंत्र खेळ नव्हता. टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन खेळायच्या कुठल्याही खेळात देवदेवता कशा आणाव्यात, याचं ते मार्गदर्शन होतं. कुठल्याही खेळात म्हटल्यावर बाजारातल्या निरनिराळ्या खेळांशी त्याचा मेळ कसा घालायचा, हे सांगणं आलंच. तशा सूचना पुस्तकात दिल्या होत्या. त्यांत पॅलेडियम बुक्स या कंपनीच्या खेळाचाही समावेश होता. पॅलेडियमनं विझर्ड्सला कोर्टात खेचलं. 1993 मध्ये तडजोड झाली, पण तोवर कंपनी मेटाकुटीला आली होती. त्याच वर्षी आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळानं तिला तारलं. खटल्याची झळ लागू नये म्हणून त्या खेळाचे हक्क आधीच ‘गारफिल्ड गेम्स’ नावाच्या वेगळ्या कंपनीत ठेवले होते.

दुसऱ्याच्या खेळाला जोडून पुस्तक काढलं तर काय भोगावं लागतं, हे विझर्ड्सनं असं स्वतः सोसून पाहिलं होतं. पुढे 2000 साली याच कंपनीनं खेळांच्या धंद्यातला सर्वांत उदार परवाना लिहिला आणि 2023 साली तो मागे घेण्याचा प्रयत्नही तिनंच केला. त्या परवान्यानं इतर प्रकाशकांना नेमकं काय दिलं होतं, हे समजलं की पुढचं सगळं भांडण समजतं.

न संपणारी भूक

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावची टीएसआर ही त्याची प्रकाशक. पहिली आवृत्ती होती हजार खोक्यांची. या खेळाला सारीपाटासारखा पट लागत नाही आणि शेवटी कोणी जिंकत किंवा हरत नाही. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन कथा सांगतो. बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशा भूमिका घेऊन त्या कथेत काय करायचं ते ठरवतात. तलवारीचा वार लागला की हुकला, याचा निवाडा फासे करतात.

अशा खेळात कथा संपते आणि नवी लागते. नवी भुयारं, नवे राक्षस, नवी नगरं, नवे मंत्र यांची मागणी कधी थांबत नाही, आणि ती एकट्या कंपनीला पुरवता येत नाही. 1976 पासूनच इलिनॉयमधल्या जजेस गिल्डनं टीएसआरच्या परवानगीनं या खेळासाठी साहित्य छापायला सुरुवात केली. मूळ खेळ एकाचा आणि त्याला पूरक पुस्तकं दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था होती. अशी पुस्तकं काढणाऱ्यांना या धंद्यात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. मूळ कंपनी आणि खेळाडू हे दोन पक्ष, तर हा तिसरा.

तिसऱ्या पक्षाला परवानगी खरोखर लागते का, या प्रश्नावर मात्र पहिल्यापासून मतभेद होते.

नियमांवर मालकी कोणाची?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1879 मध्ये ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ या खटल्यात एक महत्त्वाचा निकाल दिला. सेल्डननं हिशेब लिहिण्याची एक नवी पद्धत पुस्तकात मांडली होती. बेकरनं साधारण तशाच पद्धतीच्या वह्या काढल्या. न्यायालयानं सांगितलं की पुस्तकातली भाषा लेखकाची, पण हिशेबाची पद्धत सगळ्यांची. पुढे 1976 च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यात हेच तत्त्व कलम म्हणून आलं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, असाच निर्वाळा दिला. तिथे वाद होता एका नाटकावरून चित्रपट उचलल्याचा.

खेळाला हे तत्त्व लावलं तर काय दिसतं? वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या ताकदीचा आकडा मिळवायचा, बेरीज ठरावीक संख्येच्या पुढे गेली तर वार लागला. ही रीत कोणाच्या मालकीची नाही. ती ज्या वाक्यांत समजावली ती वाक्यं, पुस्तकातली चित्रं, कथेतली पात्रं आणि खेळाचं नोंदणीकृत नाव यांवर मात्र मालकी असते. दोन टोकं अशी स्पष्ट आहेत. घोडं अडतं ते मधल्या भागात. एखाद्या राक्षसाच्या ताकदीचा तक्ता ही रीत की मांडणी? मंत्राचं नाव, त्याचा पल्ला आणि त्याचा परिणाम एकत्र घेतले तर ते कोणाचं? याचं उत्तर कोर्टातच मिळतं, आणि कोर्टाची पायरी लहान प्रकाशकाला परवडत नाही. म्हणून व्यवहारात ही रेषा वकिलांवर खर्च करू शकणारा ठरवतो.

टीएसआरलाही या रेषेचा चटका बसला होता. टोल्किनच्या कादंबऱ्यांतले हॉबिट, एन्ट आणि बॅलरॉग तिनं सुरुवातीच्या पुस्तकांत सरळ घेतले होते. हक्कदारांचा आक्षेप आल्यावर त्यांची नावं हाफलिंग, ट्रीअंट आणि बॅलर झाली. पण स्वतः चटका खाल्ला म्हणून टीएसआर इतरांबाबत मऊ झाली नाही. मेफेअर गेम्सचा संस्थापक डार्विन ब्रॉमली स्वतः वकील होता. आपल्याला कायद्यानं परवानगीची गरजच नाही, असं मानून मेफेअरनं 1982 पासून ‘रोल एड्स’ ही पुस्तकमालिका काढली. 1984 मध्ये दोन कंपन्यांत व्यापारचिन्हाच्या वापराबद्दल करार झाला, आणि 1991 मध्ये तो मोडल्याचा दावा टीएसआरनं लावला. 1993 च्या निकालात मेफेअरनं काही अटी मोडल्याचं न्यायालयाला आढळलं, पण करार रद्द व्हावा इतकं ते गंभीर वाटलं नाही. शेवटी टीएसआरनं ती सगळी मालिकाच विकत घेतली. टीएसआरमधून बाहेर पडलेल्या गायगॅक्सनं गेम डिझायनर्स वर्कशॉप या प्रकाशकाकडे 1992 मध्ये नवा खेळ आणला, तेव्हा त्याच्यावरही टीएसआरनं दावा ठोकला. तोही खेळ अखेर तडजोडीत टीएसआरच्या ताब्यात गेला. टीएसआर या तीन अक्षरांचा अर्थ ‘सतत खटले भरणारे’ असा आहे, अशी थट्टा खेळाडू करू लागले.

खटल्यांनी प्रतिस्पर्धी नमले, पण टीएसआरची पुस्तकं खपेनात आणि कर्ज वाढत गेलं. 1997 मध्ये तिला विकत घेतलं ते ‘मॅजिक’च्या पैशानं गबर झालेल्या विझर्ड्सनं. दोन वर्षांनी विझर्ड्सला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीनं सुमारे 32.5 कोटी डॉलरना घेतलं.

शस्त्रं खाली ठेवण्याचा करार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची जबाबदारी सांभाळणाऱ्या रायन डॅन्सीनं टीएसआरच्या धंद्याचा हिशेब वेगळ्या बाजूनं मांडला. कथेचं पुस्तक गटातला फक्त डंजन मास्टर घेतो. नियमांचं मूळ पुस्तक मात्र टेबलावरचा प्रत्येक जण घेऊ शकतो. म्हणजे कथापुस्तकांत कष्ट जास्त आणि खप कमी. ती इतरांनी काढली तर त्यांचा प्रत्येक ग्राहक आपलं मूळ पुस्तक घ्यायला येईल. शिवाय जो खेळ सगळे खेळतात तोच शिकायला नवा माणूस तयार होतो, कारण त्याला सवंगडी मिळतात. रिचर्ड स्टॉलमनच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतला सार्वजनिक परवाना डॅन्सीसमोर नमुना म्हणून होता. त्यातून 2000 साली, खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर, ‘ओपन गेम लायसन्स’ आला. सगळे त्याला ओजीएल म्हणतात.

त्याची रचना सुटसुटीत होती. खेळाचे मूळ नियम एका संदर्भग्रंथात एकत्र करून खुले केले. हा भाग कोणीही छापावा, बदलावा, विकावा. रॉयल्टी नाही, परवानगी मागणं नाही, मुदत नाही. कंपनीची खास नावं, पात्रं, कथाविश्वं आणि काही प्रसिद्ध राक्षस मात्र राखीव. खुल्या नियमांत तुम्ही भर घातलीत तर तीही इतरांना खुली ठेवायची.

याच्या बदल्यात प्रकाशक एक गोष्ट सोडत होता, आणि ती फारशी कोणाच्या नजरेत भरली नाही. आपलं पुस्तक अमुक खेळाबरोबर चालतं, असं दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचं नाव घेऊन त्या मालकाच्या संमतीशिवाय छापायचं नाही, ही अट त्यानं मान्य करायची होती. ज्या कारणावरून पॅलेडियमनं विझर्ड्सला कोर्टात ओढलं होतं, नेमकी तीच गोष्ट आता विझर्ड्स इतरांकडून लिहून घेत होती. कायद्यानं कदाचित आपली असलेली सूट प्रकाशक सोडत होते आणि कायद्यानं कदाचित आपलेच असलेले नियम परवाना म्हणून घेत होते. तरीही ते खुशीनं सह्या करायला आले, कारण त्यांना हवी होती ती निर्धास्तता. या चौकटीत राहा, आम्ही दावा लावणार नाही, एवढा शब्द त्यांना पुरेसा होता. ओजीएलचा आत्मा हाच.

पुस्तकावर ‘डी20’ हे ठसठशीत बोधचिन्ह लावायचं असेल तर त्यासाठी दुसरा परवाना होता, आणि तो कंपनी हवा तेव्हा बदलू शकत होती. दोन कागदांतला फरक 2003 मध्ये दिसला. ‘बुक ऑफ इरॉटिक फँटसी’ या प्रौढांसाठीच्या पुस्तकाची घोषणा होताच विझर्ड्सनं बोधचिन्हाच्या परवान्यात सभ्यतेची अट घातली. प्रकाशकानं बोधचिन्ह काढून टाकलं आणि निव्वळ ओजीएलच्या आधारे पुस्तक बाजारात आणलं. कंपनीला काही करता आलं नाही.

ग्राहक खेळासकट निघून गेला

ओजीएलची ताकद किती, हे कंपनीला 2008 मध्ये कळलं. पेझो ही वॉशिंग्टन राज्यातलीच प्रकाशन संस्था विझर्ड्सच्या परवान्यावर ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही मासिकं चालवत होती. 2007 मध्ये तो परवाना संपला आणि त्याच वर्षी खेळाच्या चौथ्या आवृत्तीची घोषणा झाली. नव्या आवृत्तीला ओजीएल नव्हता. त्याऐवजी ‘गेम सिस्टिम लायसन्स’ आला, तो जून 2008 मध्ये. त्यात कंपनीला अटी कधीही बदलण्याची मुभा होती, आणि एखादी पुस्तकमालिका नव्या परवान्यावर आणली तर ती जुन्या ओजीएलखाली बंद करण्याची सक्तीही होती. पुढच्या वर्षी त्या अटी सैल केल्या गेल्या, पण तोवर उशीर झाला होता.

पेझो थांबली नव्हती. तिनं तिसऱ्या आवृत्तीचे खुले नियम घेतले, ते सुधारले, हजारो खेळाडूंकडून तपासून घेतले आणि ऑगस्ट 2009 मध्ये ‘पाथफाइंडर’ म्हणून बाजारात आणले. चौथी आवृत्ती न आवडलेले खेळाडू तिकडे वळले. काही काळ दुकानांतल्या विक्रीच्या यादीत ‘पाथफाइंडर’ मूळ खेळाच्या पुढे होता. विझर्ड्सनं दिलेल्या परवान्यावर उभ्या राहिलेल्या खेळानं विझर्ड्सलाच मागे टाकलं, आणि त्यात बेकायदा काही नव्हतं.

पाचवी आवृत्ती 2014 मध्ये आली, आणि 2016 मध्ये तिचे मूळ नियम विझर्ड्सनं पुन्हा ओजीएलखाली खुले केले. त्यानंतर खेळानं कधी नव्हे एवढी लोकप्रियता पाहिली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतली मुलं हाच खेळ खेळताना दिसली. ‘क्रिटिकल रोल’मधले आवाज-कलाकार दर आठवड्याला खेळतात कसे, हे लाखो लोक इंटरनेटवर पाहू लागले. लोकवर्गणीच्या संकेतस्थळांमुळे तिसऱ्या पक्षाकडेही पैसा आला. मॅट कोलव्हिलच्या एमसीडीएमनं 2018 मध्ये एका पूरक पुस्तकासाठी 20 लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. आपल्या झाडाखाली इतरांचे मळे फुललेले पाहून हॅस्ब्रोला आकडे मोजावेसे वाटले. 2022 मध्ये तिनं ‘डी अँड डी बियाँड’ ही डिजिटल सेवा 14.63 कोटी डॉलरना घेतली, आणि त्या डिसेंबरमध्ये गुंतवणूकदारांसमोर अधिकाऱ्यांनी सांगितलं की या खेळातून जितका पैसा निघायला हवा तितका निघत नाही.

जानेवारी 2023

नव्या परवान्याची चाहूल डिसेंबरातच लागली होती. 5 जानेवारी 2023 रोजी लिंडा कोडेगा यांनी ‘गिझमोडो’च्या ‘आयओ9’ विभागात ओजीएल 1.1 चा फुटलेला मसुदा उघड केला. जुना परवाना नऊशे शब्दांच्या आत होता. नवा नऊ हजारांहून मोठा. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असेल तर वरच्या रकमेवर 25 टक्के रॉयल्टी, आणि ही टक्केवारी नफ्यावर नाही, एकूण जमेवर. पुस्तकाच्या धंद्यात छपाई, चित्रकार, गोदाम आणि वितरक यांचे पैसे दिल्यावर इतका वाटा उरतच नाही. पन्नास हजारांच्या वर कमावणाऱ्यांनी हिशेब सादर करायचा. तुम्ही लिहिलेलं साहित्य कंपनीला कायमचं, फुकट वापरता येईल. अटी तीस दिवसांच्या सूचनेनं बदलता येतील. आणि शेवटचा घाव म्हणजे जुना ओजीएल यापुढे ‘अधिकृत’ राहणार नाही.

हा घाव परवान्याच्या नवव्या कलमावर होता. कंपनी परवान्याच्या नव्या आवृत्त्या काढू शकेल, पण खुलं साहित्य वापरणाऱ्याला कुठलीही ‘अधिकृत’ आवृत्ती निवडता येईल, असं ते कलम सांगत होतं. नवा परवाना पटला नाही तर जुनाच वापरा, असा त्याचा अर्थ स्वतः विझर्ड्सनं आपल्या प्रश्नोत्तरांत पूर्वी दिला होता. आता तिचे वकील म्हणत होते की कुठली आवृत्ती अधिकृत हे ठरवणारे आम्हीच. परवान्यात ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलं होतं, पण ‘मागे न घेता येणारा’ असं कुठेच लिहिलं नव्हतं.

कायदेपंडितांत दोन तट पडले. फुकट दिलेला परवाना मालक काढून घेऊ शकतो, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणत होती की तो फुकट नव्हताच. प्रकाशकांनी व्यापारचिन्हाची अट पाळली, स्वतःचे नियम खुले केले आणि कंपनीच्या शब्दावर वीस वर्षांची गुंतवणूक केली. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशननं तर कायदा जे आधीच देतो त्याहून हा परवाना फारसं काही देत नाही, याकडे लक्ष वेधलं. हा वाद कोर्टात गेला नाही, त्यामुळे त्याचा निकालही लागला नाही. पण निकालाची वाट पाहायला वेळ कोणाला होता? परवाना घेतला होता तो कोर्ट टाळण्यासाठी. त्याचा अर्थ कोर्टातच ठरणार म्हटल्यावर त्याची किंमत त्या दिवशीच संपली.

पुढचे तीन आठवडे वेगवान होते. पूरक पुस्तकं काढणाऱ्या कोबोल्ड प्रेसनं 10 जानेवारीला स्वतःच्या नव्या खेळाची घोषणा केली. 12 तारखेला पेझोनं ‘ओआरसी’ या नव्या सामायिक परवान्याची घोषणा केली. तो लिहिणाऱ्या अझोरा लॉ या वकील संस्थेतला ब्रायन लुईस मूळ ओजीएलच्या काळी विझर्ड्सचाच वकील होता. खेळाडूंनी शस्त्र उचललं ते साधं आणि अचूक. त्यांनी ‘डी अँड डी बियाँड’ची वर्गणी रद्द करायला सुरुवात केली. पेझोनं आठ महिन्यांसाठी ठेवलेला ‘पाथफाइंडर’च्या मूळ पुस्तकाचा साठा दोन आठवड्यांत संपला.

विझर्ड्सनं 13 जानेवारीला माघारीचं निवेदन काढलं, पण त्यात तुम्ही जिंकलात आणि आम्हीही जिंकलो असा सूर होता, आणि तो आगीत तेल ठरला. मग माफी आली, 1.2 हा मृदू मसुदा आला आणि त्यावर मतं मागवली गेली. पंधरा हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. या परवान्याखाली आपण काही प्रकाशित करणार नाही, असं 88 टक्क्यांनी सांगितलं. 27 जानेवारीला कंपनीनं हात टेकले. जुना ओजीएल जसाच्या तसा राहील, आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखालीही दिले जातील. श्रेय द्या आणि हवं ते करा, एवढीच त्याची अट. तो मागे घेता येत नाही, हे त्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि तो लिहिणारी संस्था खेळांच्या धंद्यात नाही.

जिंकल्यावरही निघून जाणं

मागितलं त्याहून जास्त पदरात पडलं. तरी दुधानं तोंड पोळलेले प्रकाशक ताकही फुंकून पिऊ लागले. पेझोनं नोव्हेंबर 2023 पासून ‘पाथफाइंडर’ नव्यानं लिहून ओआरसीखाली आणला. पात्रांचा स्वभाव ठरवणाऱ्या चांगुलपणा-दुष्टपणाच्या नऊ चौकटी आणि मूळ खेळातून आलेले रंगांचे ड्रॅगन तिनं वगळले. कोबोल्ड प्रेसचा ‘टेल्स ऑफ द व्हॅलिअंट’ 2024 मध्ये आला, ‘क्रिटिकल रोल’वाल्यांचा ‘डॅगरहार्ट’ 2025 मध्ये. एमसीडीएमनंही स्वतःचा खेळ काढला. जे काल पूरक पुस्तकं लिहीत होते, ते आज स्पर्धक झाले. डॅन्सीचा हिशेब उलटा फिरला. पूरक पुस्तकं लिहिणारे मूळ पुस्तकाचे ग्राहक आणतात, हे खरं. मग ते गेले की ग्राहकांना घेऊन जातात, हेही खरं.

विझर्ड्सनं 2023 मध्ये रॉयल्टीपेक्षा मोठी गोष्ट गमावली. तिच्याकडे विकण्यासारखं जे होतं त्यात नियम फारसे नव्हतेच. ते कायद्यानं बरेचसे सगळ्यांचे होते. तिच्याकडे होती ती लोकांना निर्धास्त करण्याची ताकद, आणि ती शब्द पाळण्यावर अवलंबून होती. हे उशिरा का होईना तिला उमगलं असावं. खेळाच्या सुधारित आवृत्तीचे मूळ नियम 2025 मध्ये तिनं स्वतःहून क्रिएटिव्ह कॉमन्सखालीच खुले केले. या वेळी तिनं ‘अधिकृत’ काय ते ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला नाही. तो ठेवला असता, तर तिच्याभोवती पुस्तकं लिहायला फार थोडे प्रकाशक उरले असते.